उकल आणि द्रावण

ज्या वर्षी आमच्या विद्यालयाच्या शालासमितीने आठवीच्या 'अ' तुकडीस गणित व विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकविण्याचा ठराव संमत केला, त्या वर्षी, म्हणजे 2002 च्या जूनमध्ये, माझ्या अध्यापकीस पंचवीस वर्षे पूर्ण होत आली होती, आणि आपणांस शिकविता येते ह्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह उरलेला नव्हता. विद्यालय सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या त्या प्रदेशात, जेथे आषाढातही आभाळाकडे पाहून माणसे गप्प बसतात. ठरावाच्या मजकुरात 'काळाची निकड' असे शब्द होते. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याचा अर्थ निराळा लावला जात होता. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती, पटसंख्या घसरत होती, आणि एक तुकडी तुटली की दोघे शिक्षक अतिरिक्त ठरणार, हा हिशेब प्रत्येकास तोंडपाठ होता. हे 'सेमी-इंग्रजी', म्हणजे बोलण्यातले 'सेमी', सुरू झाले आणि तुकडी वाचली, इतकेच त्या ठरावाचे व्यावहारिक तात्पर्य होते, आणि त्या वाचलेल्यांत मीही होतो, हे लपविण्याचे कारण नाही.

वर्गात अठ्ठेचाळीस मुले. बहुतेक सारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी करून आलेली. काहींची घरे वर्षातून पाच-सहा महिने मेंढरांमागे परमुलखी असत. पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय राज्याने 2000 साली अमलात आणला खरा, परंतु ही मुले त्या वेळी पहिलीचा उंबरठा केव्हाच ओलांडून गेली होती. त्यांचे इंग्रजी पाचवीत सुरू झालेले, म्हणजे अवघ्या तीन वर्षांचे. ह्या तीन वर्षांच्या शिदोरीवर त्यांनी आता प्रकाशाचे परावर्तन, अणूची रचना आणि एका चलातील समीकरणे परभाषेतून आकळून घ्यावयाची होती.

मी काय केले ते सांगतो. मराठी माध्यमातून अकरावी मॅट्रिक होऊन 1972 साली मी कोल्हापुरास महाविद्यालयात गेलो, तेव्हा पदार्थविज्ञानाच्या पहिल्या व्याख्यानातील एक वाक्यही मला कळले नव्हते, आणि पहिले सहा महिने मी फळ्यावरील आकृत्या वहीत उतरवून, रात्री खोलीवर कोश उघडून त्यांचा अर्थ लावीत बसलो होतो. ह्या अनुभवातून जो बोध कोणाही सहृदय माणसाने घेतला असता, त्याच्या नेमका उलट बोध मी घेतला: आपण पाण्यात पडून पोहावयास शिकलो, तेव्हा ह्यांनाही पाण्यात ढकलावे. पहिल्याच दिवशी मी टेबलावर पत्र्याचा एक डबा ठेवला आणि फर्माविले की, ह्या दोन तासांत जो मराठी शब्द उच्चारील त्याने चार आणे डब्यात टाकावे. पहिल्या पंधरवड्यात डब्यात साडेसात रुपये जमले. पुढील पंधरवड्यात सव्वा रुपया जमला, आणि मुख्याध्यापकांना ही प्रगती मी मोठ्या अभिमानाने निवेदन केली. मुले इंग्रजी बोलू लागली नव्हती. ती बोलेनाशी झाली होती. ह्या दोहोंतील भेद ध्यानात येण्यास मला दिवाळीपर्यंतचा काळ लागला.

अवघड शब्दांचे भय सर्वांनी मला घातले होते, पण ते निराधार ठरले. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द मुलांनी दोन दिवसांत आत्मसात केला. तो जिभेवर घोळविताना त्यांना एक प्रकारचा आनंदच होत असे, आणि 'प्रकाशसंश्लेषण' हा त्याचा मराठी पर्याय काही बोली भाषेतून आलेला नव्हता की तो त्यांना जन्मजात ठाऊक असावा. ठेचा लागत होत्या त्या बारीकसारीक शब्दांच्या. 'रिस्पेक्टिव्हली' ह्या शब्दाशी अर्धा वर्ग अडला. दोन वस्तूंची वस्तुमाने अनुक्रमे दोन आणि तीन किलोग्रॅम आहेत, एवढाच त्या वाक्याचा आशय, पण 'रिस्पेक्ट' म्हणजे आदर हे सातवीत पाठ झालेले, तेव्हा एका मुलाने मोठ्या गांभीर्याने मला विचारले की, वस्तुमानाला मान कसा द्यावयाचा. 'इंटू' म्हणजे गुणाकार, हे तर आपल्याकडे किराणा दुकानदारापर्यंत सर्वांना विदित. त्यामुळे एखाद्या रेषाखंडाचे चार समान भाग करण्याची इंग्रजी आज्ञा 'डिव्हाइड' ने सुरू होऊन पुढे 'इंटू फोर' म्हणू लागली, की मुले भागावे की गुणावे ह्या विवंचनेत पेन्सिल चघळीत बसत.

सर्वांत मोठा अपघात 'लेस दॅन' पाशी होई. 'एका संख्येपेक्षा पाचने कमी' असे मराठीत म्हटले की, आधी संख्या येते, मग पाच येतात, आणि ज्या क्रमाने ते कानी पडते त्याच क्रमाने कागदावर उतरविले तरी मांडणी बरोबर येते. इंग्रजी वाक्यात मात्र पाच आधी येतात आणि संख्या शेवटी. मुलांनी ते वाक्य डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे उतरविले, आणि पाचातून क्ष वजा केला. पहिल्या घटक चाचणीत अठ्ठेचाळीसपैकी एकतीस मुलांनी हीच चूक केली. मी एकतीस शून्ये दिली. मुलांना वजाबाकी येत नाही, असा शेरा हजेरीपटाच्या मागे लिहिल्याचे मला आजही आठवते. त्यांची वजाबाकी शुद्ध होती; बाजारच्या दिवशी ह्याच मुलांतील कित्येक जण आईबापांच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्यांचे आणि अंड्यांचे हिशेब तोंडी करीत, हे मी स्वतः पाहिलेले होते.

आता तो दिवस. दिवाळीपूर्वीची सहामाही परीक्षा झाली होती आणि मी विज्ञानाच्या उत्तरपत्रिका वर्गात वाटीत होतो. 'सोल्यूशन' ची व्याख्या लिहा, असा एक प्रश्न होता. त्यावर पाठीमागच्या बाकावरील एका मुलाने (त्याला मी येथे दत्ता म्हणेन) इंग्रजीत जे लिहिले होते त्याचा अर्थ असा होता की, सोल्यूशन म्हणजे क्षची ती किंमत, जी पाण्यात पूर्णपणे विरघळते. मी ते वर्गास मोठ्याने वाचून दाखविले आणि हसलो. माझ्या हसण्याला अनुज्ञा समजून वर्गही हसला. दत्ता उभा होता. तो हसला नाही, रडलाही नाही, उत्तरपत्रिका घेऊन खाली बसला.

तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक मुलगी, जिने जूनपासून माझ्या तासाला तोंड उघडले नव्हते, उठून उभी राहिली, तिने दप्तरातून चार आणे काढले, डब्यात टाकले, आणि मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, गणिताच्या तासाला तुम्ही उकल म्हणजे सोल्यूशन सांगितलं, आणि विज्ञानाच्या तासाला द्रावण म्हणजे सोल्यूशन. त्यानं दोन्ही लिहिलं. चुकलं कुठं?"

मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मी दोन्ही विषयांची पाठ्यपुस्तके, मराठी आणि इंग्रजी, समोरासमोर उघडून बसलो, आणि जे गेली पंचवीस वर्षे माझ्या डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते ते दिसू लागले. त्रिकोणाचा पाया हा 'बेस', आणि रसायनशास्त्रातील आम्लारी हीही 'बेस'. संख्येचा घात म्हणजे 'पॉवर', आणि यंत्राची शक्ती हीही 'पॉवर'. वनस्पतीची पेशी 'सेल', विजेरीतला घटही 'सेल'. गुणाकार 'प्रॉडक्ट', रासायनिक अभिक्रियेतील उत्पादितही 'प्रॉडक्ट'. घनफळ 'व्हॉल्यूम', आणि रेडिओचा आवाज वाढविण्याची खुंटीही तीच. आपल्या परिभाषाकारांनी, ज्यांच्या संस्कृतप्रचुर शब्दांची टिंगल करण्यात आपण सुशिक्षितांनी धन्यता मानली, प्रत्येक संकल्पनेस स्वतंत्र घर बांधून दिले होते; इंग्रजीत एकाच घरात तीन-तीन कुटुंबे नांदत होती, आणि मुलांनी दार ठोठावले की भलतेच कोणी तरी बाहेर येत होते. दत्ताने दोन्ही कुटुंबांची नावे बरोबर सांगितली होती. ती निराळी आहेत हे सांगण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नव्हते.

ह्यानंतर मी जे केले त्यास पद्धती म्हणण्याचे धारिष्ट मला होत नाही. डबा उचलून कपाटात ठेवला. त्यातील पैशांचे रंगीत कार्डशीट आणून भिंतीवर लावले. त्यावर मध्यभागी इंग्रजी शब्द आणि भोवती त्याची मराठी घरे, अशी मांडणी मुलांनीच केली. उदाहरण सोडविण्यापूर्वी दोघादोघांनी त्याची गोष्ट मराठीत एकमेकांस सांगावी, आकृती काढावी, आणि मगच इंग्रजीकडे वळावे, असा शिरस्ता घातला. फळ्याच्या एका कडेस 'जर... तर', 'म्हणून', 'कारण' ह्यांची इंग्रजी वाक्ये अर्धवट लिहून ठेवू लागलो. रिकाम्या जागी मुले आपला विचार भरीत. वर्गात पुन्हा गलका होऊ लागला, आणि त्या गलक्याचे मला जे सुख झाले ते शेजारच्या वर्गावरील शिक्षकांना अर्थातच झाले नाही. वार्षिक तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिले: 'सेमी-इंग्रजी तुकडीत मराठीचा वापर आढळला. खुलासा घ्यावा.' खुलासा मी दोन पाने लिहिला. तो दप्तरी दाखल झाला, म्हणजे कोणी वाचला नाही.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीतील एका माध्यमिक शाळेत गणित शिकविते. पुढे एका उन्हाळ्यात ती आली असता तिच्याकडून मला कळले की, हा प्रश्न तेथे 1974 सालीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला होता. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक मुलांच्या वतीने दावा दाखल झाला होता, आणि ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांना तेच वर्ग, तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही, असा न्यायालयाचा निवाडा होता. तिच्या वर्गात स्पॅनिश बोलणारी सहा-सात मुले असतात, त्यांच्यासाठी एक जादा शिक्षिका तासाला येऊन बसते, आणि मुले आपसांत स्पॅनिशमधून खल करतात. टोरांटोचे जिम कमिन्स ह्या विद्वानांचे म्हणणे तिने मला समजावून सांगितले: खेळाच्या मैदानावरची परभाषा मुलांना दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकांतील, परीक्षेतील भाषा हस्तगत होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मी मनात आकडेमोड केली. माझ्या मुलांना मैदानावरही इंग्रजी ऐकू येत नव्हते. आणि तिच्या वर्गात सहा-सात जण इंग्रजी शिकणारे, तर माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस. फळ्याजवळ उभा असलेला धरला तर एकोणपन्नास.

डब्यात चार आणे टाकून मला प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे त्या भिंतीवरील तक्त्यांची कारभारीण झाली. नवा शब्द सापडला की वर्ग सुटल्यावर थांबून ती तो लिहून जाई, आणि तिचे अक्षर माझ्याहून चांगले होते. दत्ताच्या बाबतीत मात्र मला असे काही सांगता येत नाही. मी त्याची क्षमा मागितली, तीही वर्गासमोर. त्याने मान हलविली. वर्ष संपेपर्यंत तो हजर राहिला, लिहिण्यापुरते लिहीत राहिला, परंतु माझ्या तासाला तो आपण होऊन पुन्हा बोलला नाही. नववीत त्याच्या वडिलांनी अर्ज देऊन त्यास 'ब' तुकडीत, मराठीत, घातले. 2003 चे ते दुष्काळाचे वर्ष होते. छावण्या पडल्या, गावोगाव टँकर फिरू लागले, आणि दहावीनंतर तो एका टँकरवर क्लीनर म्हणून लागल्याचे माझ्या कानी आले.

गेल्या वैशाखात दहिवडीच्या एस.टी. स्थानकावर त्यानेच मला ओळखले. आता त्याचा स्वतःचा टँकर आहे. पाया पडला, चहा पाजला, मुलीचे छायाचित्र मोबाइलवर दाखविले. ती चौथीत आहे. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "सर, पोरीला पाचवीला सेमीला घालावी म्हणतोय. तिची आई म्हणती घाला. तुम्ही काय म्हणताय?"

मी घाल म्हणालो.

"आन् तिथं मराठीतनं इचारल्यालं चालतंय का आता?"

चालते, असे मी त्यास सांगितले. मला निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती, आणि त्या शाळेच्या वर्गात मी त्यानंतर पाऊल टाकलेले नव्हते.