दोष हाताचा की तारेचा?

घरात पिढ्या तीन आणि दूरदर्शनसंच एकच, अशी व्यवस्था असली की कुणीतरी मागे सरायचेच. आमच्या बडोद्याच्या घरी मागे सरली ती आई. दिवाणखान्यातील संचाखाली चिरंजीवांचे ‘प्लेस्टेशन ५’ मोठ्या डौलात विराजमान झाले आणि वडील गेल्यापासून मितभाषी झालेली आई मागच्या खोलीतच बसू लागली.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक जुने खोके हाती लागले. १९९४ साली वडिलांनी आणलेले खेळाचे यंत्र त्यात होते. जपानात १९८३ साली निघालेल्या ‘फॅमिकॉम’ची ती नक्कल, अशा नकला त्या काळी आपल्याकडे पुष्कळ विकल्या जात. यंत्र आले माझ्या नावाने, पण दुपारची झाकपाक झाली की त्यावर सत्ता आईची. ‘सुपर मारिओ’मधील तो मिशाळ गडी तिच्या हाती असा काही झेपावे की शेजारची मुले खेळायला नव्हे, तिचा खेळ पाहायला येत.

“बाबा, हे जोडून पाहू या ना!” चिरंजीव म्हणाले. जोडणे मात्र सोपे नव्हते. जुन्या यंत्राला चित्रासाठी पिवळी आणि आवाजासाठी पांढरी तार. नव्या संचाला सगळी भोके एचडीएमआयची. बाजारातून एक स्वस्त रूपांतरक डबी आणली. चित्र उमटले. आई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि कितीतरी दिवसांनी दिवाणखान्यात बसली.

पहिल्याच उडीला मारिओ खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा पडला, पाचव्यांदाही पडला. आईने हळूच खेळणे खाली ठेवले. “राहू दे रे. हात गेला आता माझा,” एवढेच म्हणून ती आत निघून गेली.

हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिले. सुईत दोरा ओवताना, पोळी लाटताना ती अलीकडे असेच काही बोले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते मुकाट्याने मान्य करून टाकले होते.

रात्री सहज म्हणून मी खेळायला बसलो. मीही पडलो. मग चिरंजीव बसले. ज्यांच्या बोटांचा वेग पाहून मला घेरी येते, तेही त्याच खड्ड्यात पडले! क्षणभर थांबून ते म्हणाले, “बाबा, आजीचा हात ठीक आहे. चित्रच उशिरा येतंय.”

ते अगदी खरे होते. जुन्या काचनळीच्या संचात ओळ आली की ती लगेच पडद्यावर उमटे. साठवण्याचा प्रश्नच नसे. जुन्या यंत्राचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे, म्हणजे ६१,४४० ठिपक्यांचे. नव्या ‘फोर-के’ पडद्यावर ठिपके त्याच्या १३५ पट. हे इवलेसे चित्र संच आधी साठवतो, मोठे करतो, रंगसफेदी करतो आणि मग दाखवतो. त्यातच जुने यंत्र पूर्ण चित्र पाठवीत असताना अनेक संच त्याला अर्धेच समजून दुसऱ्या अर्ध्याची जुळणी करीत बसतात. आमच्या स्वस्त डबीनेही आपला वेळ घेतलाच असणार. बोट दाबले आणि मारिओ उडाला, यांत असा सेकंदाचा दहावा हिस्सा गेला तरी खड्डा चुकत नाही.

उपाय दोन निघाले. संचाच्या मांडणीत ‘गेम मोड’ सुरू केला. त्याने बरीच रंगसफेदी बंद होते. स्वस्त डबी काढून, चित्र साठवून न ठेवता ओळीमागून ओळ दुप्पट करून पुढे पाठवणारी डबी आणली. चित्र ताणले जाऊ नये म्हणून त्याचे प्रमाण चारास तीन ठेवले. अशी जोडणी करू पाहणाऱ्यांना एक सूचना: जुन्या यंत्राला दुसऱ्याच यंत्राचा वीज-अडॅप्टर लावू नये, दाब किंवा ध्रुव वेगळे असले तर यंत्र जळते.

दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा बोलावले. ती येईना. नातवाने हात धरून आणली. खड्डा आला, तिचे बोट हलले आणि मारिओ पलीकडे अलगद उतरला. आईने आमच्याकडे वळून पाहिले. काही बोलली नाही. मग सरळ पुढे निघाली.

बदके टिपण्याची बंदूक मात्र चालली नाही. काचनळीच्या पडद्यावर ठरल्या क्षणी चमकणारा उजेड पाहूनच तिला नेम कळे; नव्या पडद्यावर तो क्षण साधत नाही. आईने ती कौतुकाने पुसून पुन्हा खोक्यात ठेवली.

आता संचामागे दोन तारा कायमच्या आहेत आणि आईच्या तारेला तिने स्वतःच्या अक्षरात ‘आजी’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. वय आपला वाटा घेतेच, हे मी नाकारीत नाही. परंतु म्हाताऱ्या माणसाने “हात गेला” म्हटले की मान डोलावण्यापूर्वी मधली तार एकदा तपासून पाहावी, एवढे मी शिकलो. परवा तिचा सुईदोरा घेऊन मी खिडकीपाशी गेलो, तर तिच्या खोलीतला दिवाच मंद असल्याचे ध्यानात आले. तो त्याच संध्याकाळी बदलला.