काखेतला कळसा

शाळूची पेरणी उरकली, उगवण चांगली झाली, पहिली कोळपणीही झाली, की घरातल्या माणसांना चार दिवस जरा मोकळे मिळतात. अशा वेळी पोरे हट्ट धरतात, कुठेतरी फिरायला नेा म्हणून. कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी कोकणातला समुद्र. आपणही पैशांची जुळणी करू लागतो. पण मंडळी, आपल्या सातारा-सांगली भागात एखाद्या उंच बांधावर उभे राहा आणि चहूकडे नजर टाका. कुठे ना कुठे एखादा गड दिसतोच. पाऊस कोणीकडून येतो ते बघायला आपण त्याच्याकडे पाहतो, गुरांमागे त्याच्या पायथ्यापर्यंत जातो. मात्र वर चढून गड नीट पाहिलेले माणूस प्रत्येक घरात सापडेलच असे नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मीही त्यातलाच. साठी उलटून गेली तरी चार गड धड पाहिले नव्हते. शेवटी मोठ्या नातवाने फारच धरले, म्हणून आम्ही घरची पाच माणसे दोन दिवसांसाठी बाहेर पडलो. शाळूच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि पाण्याची दोन कॅन, एवढीच शिदोरी. आम्ही काय पाहिले ते सांगतो, म्हणजे तुम्हांलाही बेत आखता येईल.

पहिला अजिंक्यतारा. सातारा शहराच्या अगदी डोक्यावर. गाडीरस्ता दरवाजाजवळ जातो, त्यामुळे घरातली म्हातारी माणसेही येऊ शकतात. भक्कम दरवाजा, आत मारुती, पुढे मंगळाई देवीचे देऊळ, जुन्या वाड्याची जोती आणि पाण्याची तळी. शिवाजी महाराजांनी हा गड १६७३ साली घेतला. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यालाच झाला. पण नातवाला आवडली ती मधली गोष्ट. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः फौज घेऊन या गडाखाली येऊन बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिला उडाला तेव्हा प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला, तो चढाईसाठी जमलेल्या मोगलांच्याच अंगावर. गड अखेर गेला तो १७०० च्या एप्रिलात.

नातू बोटांवर मोजत होता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मग म्हणाला, "आबा, या महिन्यांत आपल्या विहिरीचं पाणी तळाला जातं. मग वर एवढी माणसं पीत काय होती?"

शेतकऱ्याच्या पोराने विचारावा असाच हा प्रश्न. मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढचे दोन दिवस आम्ही प्रत्येक गडावर तेवढेच शोधत फिरलो. तुम्हीही तसेच फिरा. तलवारी-तोफा मागाहून, आधी पाणी बघा. गड लवकर कळतो.

दुपारी तळबीडला गेलो. कराडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जवळच हे गाव आहे. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे हे गाव, आणि ताराबाई त्यांची लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले, तेव्हा या बाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. घरातल्या बायका-मुलींना इथे जरूर न्या आणि ही हकीकत गडाच्या पायथ्याशीच सांगा. गावाच्या उशाला वसंतगड. साताऱ्याला वेढा घालण्याआधी औरंगजेबाने हाच गड घेतला आणि त्याला विजयाची किल्ली अशा अर्थाचे फारसी नाव दिले. वर चंद्रसेनाचे देऊळ आहे आणि दोन मोठी तळी आहेत. एकाचे नाव कृष्णा, दुसऱ्याचे कोयना. खाली कराडला या दोन नद्या समोरासमोरून येऊन मिळतात, आणि वर डोंगरावर त्यांच्या नावाची ही दोन तळी! सौभाग्यवती म्हणाल्या, "नदी वर नेता येत नाही, म्हणून नाव नेलं असेल." मला ते पटले.

रात्री कराडला लेकीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पाटणची एस.टी. धरली. पाटणजवळचा दातेगड ऊर्फ सुंदरगड हा एवढासाच गड. पण तिथली विहीर पाहिल्यावाचून कोणी मरू नये असे मी म्हणेन. अखंड कातळात तलवारीच्या आकाराची खोल विहीर खोदली आहे. कातळातच पायऱ्या कोरल्या आहेत, त्यांवरून सावकाश उतरावे. मध्ये महादेव आहे, आणि खाली गार पाणी. दरवाजाजवळ कातळात कोरलेले मोठे गणपती आणि मारुती आहेत. आपण विहीर पाडतो तेव्हा मुरूम लागला तरी कामगार कुरकुरतो. इथे तर माथ्यावरचा काळा पाषाण, ना सुरुंगाचे यंत्र, ना क्रेन. छिन्नी आणि हातोडा.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यात गड कसा बांधावा ते सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे, की गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल आणि जागा तर मोक्याची असेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात. म्हणून राखीव टाकी वेगळी असावीत आणि त्यांतले पाणी सहज खर्चू नये. वाचक मंडळी, ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना यातला शब्द न् शब्द कळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. टाके खोदताना निघालेला दगड वाया जात नसे. तोच घडवून तटाला आणि घरांना वापरत. एका मेहनतीत पाणीही झाले आणि भिंतही झाली. काही गडांवर टाकी कपारीच्या आत खोदून वर छत ठेवले आहे, आधाराला खांब ठेवले आहेत. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून पाणी कमी उडते आणि उन्हाळ्यातही गार राहते. आपण आज शेततळ्याला कागद घालतो, पण सावलीचा विचार कितीजण करतो?

दुपारनंतर वाळवे तालुक्यातल्या मच्छिंद्रगडावर चढलो. माथ्यावर मच्छिंद्रनाथांचे देऊळ आहे. खाली कृष्णाकाठचा हिरवागार ऊस नजर पोचेल तिथवर दिसतो. पण तट मात्र जागोजाग ढासळलेला. नातू म्हणाला, "पडलेले दगड कुठं गेले, आबा?"

१८१८ साली मराठी राज्य गेले. त्यानंतर इंग्रजांनी अनेक गडांचे दरवाजे, पायऱ्या आणि तट मुद्दाम पाडले, पुन्हा कोणी वर जाऊन लढू नये म्हणून. हे मी त्याला सांगितले. पण तेवढेच सांगून थांबणे मला जमेना. आमच्या खटाव भागातल्या घरी गोठ्याच्या जोत्यात दोन घडीव चिरे आहेत. लहानपणी मी त्यांच्यावर बसून दूध प्यायलो आहे. माझ्या आजोबांनी ते आमच्या उशाच्या गडावरून बैलगाडीत घालून आणले, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आजोबा वाईट नव्हते. पडलेला दगड, कोणाचा नाही, असे त्यांना वाटले. गावातल्या आणखी दहा घरांना तसेच वाटले. इंग्रजांनी ठेवले होते त्यातले बरेच आम्ही नेले. नातवाला मी हे खरे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. गोठ्यातले चिरे परत नेऊन तट उभा राहणार नाही, हे मलाही कळते. पण जे उरले आहे ते तरी आपल्या हातून जाऊ नये.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ गड जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण वर्धनगड, वसंतगड, दातेगड, मच्छिंद्रगड यांच्याकडे कोण बघणार? पाटणजवळ घेरादातेगड, वाईकडे घेराकेळंजा अशी गावांची नावे आहेत. गडाच्या घेऱ्यात राहणारी माणसे म्हणजे गडाची राखण. राजवट गेली, वतने गेली, नाव राहिले. राखणीचे कामही राहिले आहे असे मी धरून चालतो.

तेव्हा जाताना एवढे सांभाळा. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळाने पाय घसरतो. सकाळी लवकर चढा, दुपारच्या उन्हात मुलांना नेऊ नका. कड्यावर आग्यामोहोळ असते, म्हणून धूर करू नका, आरडाओरडा करू नका. वाळल्या गवतात काडी टाकू नका. भिंतीवर नावे कोरू नका, आणि टाक्यात कागद-पिशव्या तर अजिबात टाकू नका.

आणि गावच्या गडावरचे टाके गाळाने भरले असेल, तर ग्रामसभेत विषय काढा. पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या, मगच फावडे उचला. विनापरवाना खोदकाम करू नका, जुने काही सापडले तर जागचे हलवू नका. आमच्या गावाने तसा अर्ज केला आहे. परवानगी आली की पहिली पाटी मी उचलणार, असे नातवाला कबूल केले आहे. तो रोज विचारतो, "आबा, पत्र आलं का?"