शेंगांचा व्हिसा आणि स्पेनचं लोडशेडिंग

मी क्रूझला जाऊन आले हे कळल्यापासून वर्गात सगळे एकच विचारतात, "जहाजावर स्विमिंग पूल होता का गं? टायटॅनिकसारखी पोझ दिलीस का?" होता आणि दिली. पण मित्रमैत्रिणींनो, जहाजाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. जे झालं ते जहाजावर पाय ठेवायच्या आधी, बार्सिलोनात झालं. तेच लिहिते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं.)

आधी हे सांगायला हवं की धुळ्यातल्या गल्लीत राहणारं आमचं कुटुंब भूमध्य समुद्रावर गेलंच कशाला. माझे काका न्यू जर्सीत असतात. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, आजोबा गेले. तेव्हा काकांचं ग्रीन कार्ड झालेलं नव्हतं. तिकडून निघालो तर परत आत घेतील की नाही याची खात्री नाही, म्हणून ते आले नाहीत. सगळं त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. इकडे पप्पा एकटे होते. पप्पांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण तेव्हापासून ते काकांना 'भाऊ' म्हणायचे बंद झाले. आमच्याशी बोलताना 'न्यू जर्सीवाले' म्हणायचे. डिसेंबर 2022 मध्ये काका नऊ दिवस येऊन गेले. त्यातले पाच दिवस वारस नोंदीच्या कागदांत गेले. दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवरून तलाठी ऑफिसला जायचे आणि गप्प परत यायचे.

आजीला अमेरिकेला न्यायचं तर व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मग काकांनीच तोडगा काढला, की दोघांनी अर्ध्या वाटेत भेटायचं. आजीचे गुडघे गेलेले, म्हणून क्रूझ बरी. खोली, जेवण, समुद्र सगळं एका जागी, आणि चढ-उतार नाही. पप्पा म्हणाले, "पैसे आहेत, फिरवतील." आजी म्हणाली, पोरगा भेटणार असेल तर ती समुद्रातच काय, विहिरीतही उतरेल. झालं, विषय संपला.

शेंगेन व्हिसाला आजी 'शेंगांचा व्हिसा' म्हणायची. धुळ्यात शेंगांना काय तोटा, मग त्यासाठी रात्रभर बसमध्ये बसून मुंबईला कशाला जायचं, असा तिचा रास्त प्रश्न होता. मुंबईत तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं कापूस वेचून आणि निंदणी करून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. आधार कार्डाच्या वेळीही हेच झालं होतं. काउंटरवरच्या मुलीने काच पुसली, आजीची बोटं ओल्या कपड्याने पुसली, चार-पाचदा दाबून बघितलं, आणि शेवटी मशीनने कसाबसा हिरवा दिवा दिला. माणशी 90 युरो फी भरून आजीच्या बोटांवर आपलं सगळं अवलंबून आहे, हे त्या दिवशी कळलं.

26 एप्रिल 2025 ला, शनिवारी, आम्ही बार्सिलोनाला उतरलो. आजीची बॅग उतरली नाही. काका, काकू आणि माझा अकरा वर्षांचा चुलतभाऊ रविवारी सकाळी आले. आजीने काकांना धरलं ते पाच मिनिटं सोडलं नाही. पप्पा तेवढ्यात बॅगा मोजत होते. तीनच बॅगा होत्या, तरी दोनदा मोजल्या.

आम्ही घेतलेला फ्लॅट साग्रादा फामिलियाच्या जवळ, चौथ्या मजल्यावर होता. सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा. बार्सिलोनाचा हा भाग इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरने आखलाय. 1859 साली त्याचा आराखडा मंजूर झाला. साधारण 113 मीटर बाजूचे चौरस ठोकळे, प्रत्येकाचे चारही कोपरे तिरके कापलेले, मध्ये 20 मीटर रुंद सरळसोट रस्ते. कोपरा कापल्यामुळे प्रत्येक चौक ऐसपैस होतो आणि वळणारी गाडी लांबून दिसते. आजी बाल्कनीतून खाली बघून म्हणाली, "हाई तं आपली गल्लीच शे!" आम्ही हसलो, पण ती चुकीचं बोलली नव्हती. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ अशाच सरळ रस्त्यांची आखली. आपल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि त्या एकमेकींना समांतर आहेत. म्हणजे या बाबतीत धुळं बार्सिलोनाच्या चाळीस वर्षं पुढे! (आता गल्ली नंबर चारमध्ये संध्याकाळी गाडी घालून दाखवा, ती गोष्ट वेगळी.)

साग्रादा फामिलिया 1882 पासून बांधताहेत. गाउदीने पुढच्या वर्षी काम हातात घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. जून 1926 मध्ये त्याला ट्रामने उडवलं. कपडे इतके साधे होते की लोकांना तो भिकारी वाटला. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे वारले. तेही अंगावरच्या कपड्यांची फिकीर करणाऱ्यातले नव्हते म्हणतात. गाउदीची मला आवडलेली युक्ती म्हणजे दुसऱ्या एका चर्चसाठी त्याने छताला दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या पिशव्या अडकवल्या, आणि ती आकृती उलटी करून कमानींचे आकार ठरवले. दोरीत फक्त ताण असतो, उलटं केलं की तिथे फक्त दाब येतो. दगडाला तेच तर हवं असतं. आमच्या मेकॅनिक्सच्या पुस्तकात हे असं कुणी सांगितलं असतं तर माझी एटीकेटी वाचली असती.

आता सोमवार, 28 एप्रिल. विमान कंपनीचा फोन आला की बॅग आली आहे, विमानतळावर येऊन घेऊन जा. त्यात आजीच्या बीपीच्या महिन्याभराच्या गोळ्या होत्या, हाताशी फक्त दोन दिवसांच्या. पप्पांना इंग्लिश बोलायचा संकोच, म्हणून मम्मीने काकांना बरोबर पाठवलं. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. 12 वाजून 20 मिनिटांनी काकांचा मेसेज आला, 'बॅग मिळाली. ट्रेनमध्ये बसलो.'

12:33 ला दिवे गेले.

आधी वाटलं फ्यूज उडाला. मी बाल्कनीत गेले तर खालचे सिग्नल बंद, लिफ्टमधून कुणीतरी दार ठोकतंय, दुकानदार रस्त्यावर. थोड्या वेळाने फोनचं नेटवर्कही गेलं. खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे सेलवर चालणारा रेडिओ होता. त्यांच्या दारात दहा-बारा माणसं जमली होती. तिथे मोडक्या इंग्लिशमध्ये कळलं की अख्खा स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात आहे. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "आठे बी लाईट जास का?" तिच्या आवाजात चक्क समाधान होतं! आम्ही लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं. फ्लॅटमधली शेगडी विजेची, ती बंद. मम्मीने तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे काढले. चुलतभावाने आयुष्यात पहिल्यांदा बिबडा खाल्ला आणि त्याला तो आवडला. रेडिओवाल्या बाईंनाही पुऱ्या दिल्या, त्यांनी आम्हाला मेणबत्त्या दिल्या.

दोन वाजले, तीन वाजले. मेट्रो आणि रेल्वे सगळी बंद आहे, काही गाड्या मध्येच अडकल्या आहेत, हे रेडिओवरून कळत होतं. काकू मला सारखी फोन लावायला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तेच. आजी बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. लिफ्ट बंद, त्यामुळे तिला खाली जाता येत नव्हतं, आणि आत यायला ती तयार नव्हती. "कोठे गयात मना पोरे?" एवढंच अधूनमधून. मी तिला समजावत होते की काही होणार नाही, दिवसाउजेडाची वेळ आहे. पण मला माहीत होतं ती काय आठवतेय. चार वर्षांपूर्वी, याच महिन्यात, दवाखान्यातला आजोबांचा फोन असाच लागत नव्हता. मी पण तेच आठवत होते. साडेपाचला तिने गोळीची वेळ झाली तरी गोळी घेतली नाही. म्हणाली, ते आले की घेईन.

पावणेसातला तिने माझा हात ओढला. "उनात!"

चौकाच्या तिरक्या कोपऱ्यावरून दोघं येत होते. बॅगेचं एक चाक तुटलेलं, म्हणून तिचा एक बंद पप्पांच्या हातात आणि दुसरा काकांच्या हातात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली होती. तासभर तर दारंही उघडली नाहीत, मग रुळांच्या कडेने सगळ्यांना खाली उतरवलं. तिथून चालत. नकाशा फोनमध्ये, आणि काकांच्या फोनची बॅटरी संपलेली. पप्पा म्हणाले, "त्यात काय? समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि सरळ गल्ल्या मोजत यायचं. पुढे ते चर्चचे क्रेन दिसतातच." काकांच्या खिशात चार कार्डं होती आणि एकही चालत नव्हतं. पाणी आणि केळी पप्पांच्या कमरेच्या पाकिटातल्या नोटांवर आली. हे सांगताना पप्पांना लपवता न येणारा आनंद झाला होता.

बाकी वाटेत ते काय बोलले ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. मम्मीने विचारलं तर पप्पा म्हणाले, "चालत होतो, बोलणार काय?" पण दोघांचे डोळे लाल होते, आणि ऊन तर उतरलेलं होतं. आजीने काही विचारलं नाही. "जेवाले बठा," म्हणाली आणि गोळी मागितली. पुऱ्या वाढताना पप्पा म्हणाले, "भाऊ, चटणी घे." मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी पटकन मेणबत्ती सरळ करायला लागले.

मी इलेक्ट्रिकलची, त्यामुळे पुढचे तीन आठवडे मी याच विषयावर वाचत होते. पाच सेकंदांत सुमारे 15 हजार मेगावॅट निर्मिती ग्रिडमधून गेली. म्हणजे आपल्या दीपनगरचे 500 मेगावॅटचे तीस संच एकदम. आपण ब्लॅकआउटला नेहमी मागणी जास्त, व्होल्टेज कमी असं शिकतो. 30 आणि 31 जुलै 2012 ला भारतातलं ग्रिड कोसळलं तेव्हा ओव्हरलोड झालेल्या लाइन ट्रिप झाल्या होत्या, आणि आपला पश्चिम विभाग वाचला होता. स्पेनचं उलटं झालं. व्होल्टेज वाढलं. वाढल्यावर संरक्षण यंत्रणेने जनरेटर बाहेर काढले, ते गेल्यावर व्होल्टेज आणखी वाढलं, म्हणून आणखी जनरेटर गेले. युरोपातल्या तज्ज्ञांच्या समितीने ऑक्टोबर 2025 मध्ये लिहिलं की ओव्हरव्होल्टेजच्या साखळीने झालेला असा ब्लॅकआउट युरोपात पहिलाच. परत सुरू करणं तर त्याहून अवघड, कारण वीज केंद्र चालू करायलाही आधी वीज लागते. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून लाइन घेतल्या, जलविद्युत केंद्रं सुरू केली आणि तुकड्या-तुकड्याने ग्रिड जोडत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळपास सगळीकडे वीज आली होती. ब्लॅक स्टार्ट हा टॉपिक ऑप्शनला टाकणाऱ्यांनी विचार करावा.

आमच्या इमारतीत रात्री दिवे आले तेव्हा सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. आजी झोपली होती. पप्पा आणि काका बाल्कनीत बसले होते, आणि त्यांनी घरातला दिवा बंदच ठेवायला सांगितला.

बुधवारी, 30 एप्रिलला, आम्ही बंदरावर गेलो. जहाज आमच्या आग्रा रोडवरच्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच होतं. आजीसाठी व्हीलचेअर आली. ती ढकलायला एक माणूस होता, पण काकांनी त्याला नको म्हटलं. रांगेत पप्पा सगळ्यांचे पासपोर्ट हातात धरून उभे होते, काकांचा पण. काकांनी तो मागितला तर म्हणाले, "राहू दे भाऊ, माझ्याकडेच राहू दे. तू हरवशील."