सातबाऱ्यावरचा बोजा

"हेतू चांगला आहे ना, मग झालं तर!" आमच्या घरातला हा हुकमी मुद्दा. तो आला की वाद संपतो. गेले दोन महिने मुळशीच्या जमिनीवरून चुलत भावंडांचे जे फोन चाललेत, त्यातही हेच वाक्य फिरतंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: धाकट्या काकांचं डायलिसिस सुरू आहे, पैसा हवाय, आणि आजोबांची जमीन विकायची यावर सगळ्यांचं एकमत आहे. गिऱ्हाईकही तयार आहे. फक्त वरच्या अंगाला कातकऱ्यांच्या चार झोपड्या आहेत, आजोबांच्या वेळेपासूनच्या. एजंट म्हणतो, "आधी जागा मोकळी करून द्या, मग इसार."

हे मी माझ्या एका वसईकर मित्राला सांगितलं. कॉलेजात एका बाकावर बसायचो, आता तो फादर आहे. मला वाटलं, दहा आज्ञांपैकी एखादी काढून दाखवेल. त्याने उलट विचारलं, "तुम्ही नेमकं काय करताय, त्याचं नाव सांग."

"जमीन विकतोय."

"ते नंतर. त्याआधी काय करताय?"

मी गप्प. मग त्याने समजावलं. कॅथलिक नीतिविचारात कृती तीन बाजूंनी तपासतात: प्रत्यक्ष कृती काय, हेतू काय आणि परिस्थिती काय. ही मांडणी तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसकडून आलेली, आणि 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही तीच आहे. तिन्ही बाजू चांगल्या हव्यात, दोनांवर भागत नाही. काकांचा उपचार हा हेतू शंभर नंबरी, पण ज्यांना दुसरी जागा नाही अशा चार कुटुंबांना हुसकावणं ही कृती त्याने धुऊन निघत नाही. परिस्थितीने, म्हणजे तोंडावर आलेला पाऊस, काकांची तब्येत, दोष कमी-जास्त होईल. वाईटाचं चांगलं मात्र होणार नाही.

मी म्हटलं, "पण माझी सदसद्विवेकबुद्धी सांगते की काकांना वाचवणं आधी." हा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. (ते लोक विवेकबुद्धीला केवढं मानतात! कार्डिनल न्यूमन यांनी 1875 मध्ये लिहिलं होतं की जेवणानंतर पोपच्या नावाने पेला उचलायचाच असेल तर उचलेन, पण आधी विवेकबुद्धीच्या नावाने.) मित्र हसला. म्हणाला, विवेकबुद्धीचं ऐकायलाच हवं, पण तिला आधी माहिती द्यावी लागते, घडवावी लागते. "त्या चार घरांत जाऊन कोणी बोललंय का रे?"

कोणीच नव्हतं गेलं.

मुळशीत हा विषय काढला की धरण आठवतंच. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी गावं बुडणार म्हणून 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हा हेतू काही वाईट नव्हता. पण जमीन कसणाऱ्याला न विचारता, पिढ्यांचं घरदार सोडायला लावून ती घेणं, ही कृती वेगळी तपासावी लागते. गंमत म्हणजे हीच मोजपट्टी सेनापती बापटांनाही लागते. हेतू निर्मळ, त्याग अफाट, तरी शेवटी रेल्वे अडवण्याच्या त्या प्रकरणात शस्त्र वापरलं गेलं आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. मला बापटांबद्दल अतोनात आदर आहे, त्यामुळे हे लिहिताना बरं वाटत नाही. पण मोजपट्टी आपल्या माणसापुरती वाकवायची कशी?

मित्राची आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या आपल्या परिपत्रकात लिहिलंय की खासगी मालमत्तेवर समाजाचं गहाण असतं. पृथ्वी मुळात सगळ्यांसाठी, मालकी त्यानंतरची. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एक बोजा आहे, जो तलाठ्याने कधी चढवलेला नाही! वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी उभे राहिले, त्यामागेही असलंच काही असावं असं मला वाटतं. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते म्हणून आपल्याला माहीत. 2024 मध्ये ते गेले.

असो. मागच्या रविवारी मी आणि ताई वर जाऊन आलो. एका म्हातारीने गुळाचा कोरा चहा दिला आणि आजोबांनी दाखवलेली हद्द बोटाने दाखवली. चार घरं आणि पुढचं अंगण मिळून जेमतेम सहा गुंठे होतील. तेवढं वेगळं काढून त्यांच्या नावावर करायचं आणि उरलेलं विकायचं, असं आमचं दोघांचं म्हणणं आहे. एजंट म्हणतो भाव पडेल. पडेलच. फरकाची रक्कम काकांच्या उपचारातून नाही, आम्हा पाच जणांच्या वाट्यातून जावी, असं ताईने सुचवलंय. दादाचं अजून काही ठरत नाहीये.

मोजणीचा अर्ज दिलाय. दादा, हे वाचलंस तर रात्री नऊनंतर फोन कर, ताईपण असेल.