आधी विचारणे, मग ठरवणे

चि. भाचीस,


बाल कल्याण समितीवर तुझी नियुक्ती झाल्याचे कळून घरात सर्वांना आनंद झाला. हे पत्र मात्र त्या पदासोबत येणाऱ्या, सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या एका जबाबदारीविषयी आहे.

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अध्यक्ष व चार सदस्यांची ही समिती अनाथ, सोडून दिलेल्या किंवा मजुरीला जुंपलेल्या मुलांबाबत निर्णय घेते. मूल बालगृहात राहील की नातेवाइकांकडे जाईल, हे तिच्या आदेशावर ठरते. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात सहभागाचे तत्त्व आहे, म्हणजे स्वतःच्या हिताशी निगडित प्रत्येक निर्णयात मत मांडण्याचा मुलाचा हक्क मान्य करून, वय व समज लक्षात घेऊन त्या मताचा विचार करणे. वैयक्तिक काळजी योजना, अर्थात त्या एका मुलाच्या आरोग्य, शिक्षण व पुनर्वसनाचा आराखडा, मुलाशी सल्लामसलत करूनच तयार व्हावा अशी नियमांची अपेक्षा असून त्याच्या नमुन्यात मुलाच्या अपेक्षांसाठी स्वतंत्र रकाना आहे.

तो रकाना निर्णय झाल्यावर भरला गेला, तर ती विचारणा नव्हेच. सतरा वर्षांच्या मुलीला परिचारिका व्हायचे असते, संस्थेत मात्र शिवणक्लास चालू असतो, आणि समितीपुढे उभी राहिल्यावर, चार अनोळखी मोठी माणसे पाहून, ती कशालाही मान डोलावते. कागदावर त्याची नोंद संमती म्हणून होते. बालगृहातील बालसमित्यांना जेवण, खेळ, स्वच्छता यांविषयी विचारले जाते, ते योग्यच आहे, पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतर साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकणारे साहाय्य, आणि महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांसाठी असलेले एक टक्का आरक्षण यांची माहिती ज्याला कोणी दिलेलीच नाही, त्या मुलाने निवड तरी कशातून करायची?

म्हणून मुलाशी आधी एकांतात, त्याच्या बोलीत बोलणे व्हावे, सर्व पर्याय त्याला समजावून सांगितले जावेत, आणि त्याच्या मताविरुद्ध निर्णय घ्यावा लागल्यास त्याची कारणे आदेशात लिहून ती त्याला वाचून दाखवली जावीत. पहिल्याच बैठकीत हा आग्रह धर.

तुझा,
मामा