क्लचचं तेल आणि ग्रेसचे मार्क

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारणही तसंच घडलं.

आमच्या तिकोणा पेठेत पावसाळा म्हणजे गड ढगात आणि आम्ही घरात. गेल्या जुलैत एका रात्री सौ.च्या छातीत दुखू लागलं. तिला गाडीत घातलं आणि तळेगावला निघालो. पवनानगर मागे पडलं. बेडसे लेण्यांच्या फाट्याजवळ रस्त्यात म्हशी बसलेल्या, म्हणून थांबलो. पुन्हा निघायला क्लच दाबला, तर पेडल खाली जाऊन बसलं ते वर येईचना. गिअर नुसता करकरत होता. शेजारी ही घामाघूम. पायाने उचलून उचलून पेडल सात-आठ वेळा मारलं, तेव्हा कुठे पहिला गिअर पडला.

देवदयेने हिचं दुखणं पित्ताचं निघालं. माझं मात्र वेगळंच होतं. गेले दोन-तीन महिने क्लचच्या डबीतलं तेल कमी होत होतं. मी दर पंधरा दिवसांनी ते भरत होतो, आणि वर 'आपण गाडीची निगा राखतो' म्हणून खूशही होतो!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक हसला. "गुरुजी, हे तेल काय जळतं का? कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय." गाडीखाली जाऊन त्याने स्लेव्ह सिलिंडरचं रबर बाजूला केलं. आत ओलं चिंब.

माझ्या जुन्या मारुती ८०० ला क्लचची केबल होती. या गाडीत केबलीचं काम तेल करतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, नळीच्या दुसऱ्या टोकाचा स्लेव्ह सिलिंडर तोच दाब पुढे देतो आणि क्लचप्लेट सुटते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत हवा शिरली की पाय खाली जातो, दाब पोचत नाही. हा पास्कलचा नियम. मी बीए मराठीचा, पण शिक्षक कमी म्हणून विज्ञानाचेही तास घेतले. नियम पोरांकडून घोकून घेतला. तो माझ्याच डाव्या पायाखाली आहे, हे सत्तरी उलटल्यावर कळलं.

किट बदललं. मग एअर काढायची. हे दोघांचं काम. तो खालून सांगणार, मी पेडलवर. "दाबा… धरून ठेवा… आता सोडा." जन्मभर हुकूम सोडले, त्या दिवशी पाळले. तो निपल आवळेपर्यंत पाय सोडायचा नाही, नाहीतर हवा परत आत. जुनं तेल काळ्या चहासारखं निघालं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. झाकणावर लिहिलंय तेच घालायचं. इंजिन ऑइल चुकूनही नाही, रबरं फुगतात.

घरी येताना एक मुलगा आठवला. दर वर्षी गणितात चार-पाच मार्क कमी पडायचे, दर वर्षी आम्ही भरायचो. का कमी पडतात, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. दहावीला सगळी तूट एकदम बाहेर आली. तो पुन्हा शाळेत दिसला नाही.

असो.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉनेट उघडतो, डबीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितो. सौ. बॅटरी धरते आणि विचारते, "खाली गेलंय का हो?"

अजून तरी नाही.