प्लीज, बोअर उड!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एक ठरलेला प्रश्न असतो : ‘काय मग, वीकएंडला काय केलंस?’ उत्तरंही ठरलेली असतात. सिनेमा, शॉपिंग, झोप. ‘घरी बनवलेलं विमान एअर शोमध्ये उडवलं’ हे उत्तर त्या यादीत बसत नाही. समोरचा आधी ‘रिमोटवालं का?’ असं विचारतो. नाही रे, खरं, आत बसून उडवायचं विमान, असं सांगितलं की डोळे मोठे होतात. आणि लगेच दुसरा प्रश्न : ‘मग? कोलांट्या मारल्यास?’

नाही मारल्या. एकही नाही. मी सरळ गेलो, वळलो, पुन्हा सरळ आलो. समोरच्याचा चेहरा पडतो तो इथे. आणि मला सांगायचंय ते नेमकं याच ‘नाही’बद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डि मॉइनमध्ये. इन्शुरन्स कंपन्यांचं हे शहर, म्हणजे आयटीवाले आपले लोकही बरेच. शहराबाहेर पाऊण तास गाडी हाणली की मका, मका आणि मधेच एखादा छोटा विमानतळ. एक धावपट्टी, पाच-दहा हँगर, कंट्रोल टॉवर वगैरे काही नाही. सगळे वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर ‘मी इथे आहे, आता वळतोय’ असं एकमेकांना सांगत उतरतात. आपल्याकडे एसटी स्टँडवर कंडक्टर ड्रायव्हरला ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो ना, साधारण तसंच.

इथे घरी विमान बनवणं हा वेडेपणा मानला जात नाही. त्याला कायद्यात जागा आहे. अट एवढीच, की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी बनवलेला असावा, आणि तोही फक्त स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मौजेसाठी. सरकारी नियमात ‘मौज’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला! १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी नावाच्या माणसाने मिलवॉकीत अशा हौशी लोकांना गोळा करून एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. आज तिच्या शाखा गावोगाव आहेत. तुम्ही गॅरेजमध्ये पत्रा ठोकत बसलेले असता आणि शाखेतले एखादे अनुभवी काका येऊन टॉर्च मारून तुमचं काम तपासून जातात. फुकट.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळवली. त्यांच्यापुढे माझं काम म्हणजे तयार मसाल्याच्या पाकिटातून केलेली बिर्याणी. माझं विमान किटचं आहे. आरव्ही-९ए, दोन सीटचं. ओरेगन राज्यातून पेट्यांतून सुटे भाग येतात. आधी शेपटी, मग पंख, मग धड. जोडायचं आपण. आम्हाला सहा वर्षं लागली.

‘आम्हाला’ म्हणालो, कारण रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. पत्र्याच्या एका बाजूने एकाने रिव्हेट गन धरायची, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने लोखंडी डॉली दाबून धरायची. डॉली बायकोने धरली. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ज्यांनी टेस्टरशी लग्न केलंय, त्यांना पुढचं वाक्य सांगायला नको. प्रत्येक छिद्राच्या कडेची बर घासून काढली आहे का, हे ती बोट फिरवून बघायची. रिव्हेट जरा तिरका बसला की ‘रिजेक्ट’. मग तो ड्रिलने काढायचा आणि नवा मारायचा. असे दहा हजारांहून जास्त रिव्हेट. लग्न टिकलं. पंखही टिकले.

विमान तयार झालं, तपासणी झाली, परवाना मिळाला. तरी लगेच कुणाला घेऊन भुर्रकन उडता येत नाही. इंजिन आणि पंखा यांची जोडी आधीच सर्टिफाइड असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास टेस्ट फ्लाइंग करावं लागतं. ठरलेल्या हद्दीत, वस्तीपासून दूर. या काळात पॅसेंजर नाही. आमच्या वाट्याला ४० तास आले. किती वेगाला विमान पडायला लागतं, किती वेगाने चढतं, पेट्रोल किती पितं, हे सगळं मोजून वहीत लिहायचं. वजन वाढवून बघायला शेजारच्या सीटवर वाळूची पोती बांधायची. बायको म्हणाली, ‘म्हणजे माझ्या जागेवर आधी पोतं बसलं तर!’

आणि या विमानात डोळ्यांसमोर एक पाटी लावावीच लागते. तिचा मतलब असा : हे विमान हौशी माणसाने बनवलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. पाटी उगाच नाही. अमेरिकेच्या अपघात तपास यंत्रणेने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या विमानांपैकी घरगुती विमानं होती जेमतेम १० टक्के. पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा होता सुमारे १५ टक्के, आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. हा आकडा मला बायकोने वाचून दाखवला. जेवताना.

४० तास संपले. मी खुशीत म्हणालो, ‘चल, आता तू बस.’ ती म्हणाली, ‘चाळीस तासांत विमानाची टेस्ट झाली. तुझी कुठे झाली?’

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तिचा फंडा चुकीचा नव्हता. एकटा असताना, बघायला कुणी नसताना माणूस शहाणाच असतो. प्रश्न असतो तो टाळ्या वाजायला लागल्यावर. आणि महिन्याभराने गावच्या एअर शोमध्ये घरगुती विमानांसाठी चार मिनिटांचा स्लॉट होता. ‘तो करून ये, मग बघू,’ ती म्हणाली.

गावचा एअर शो म्हणजे आपली जत्राच. सकाळी हँगरमध्ये पॅनकेकचा नाश्ता, फायर ब्रिगेडच्या गाडीवर चढलेली पोरं, फोल्डिंग खुर्च्या घेऊन आलेले आजी-आजोबा. पडद्यामागे मात्र जाम शिस्त. शोच्या वेळात ते आकाश बाकीच्यांसाठी बंद. त्यावर राज्य एकाच माणसाचं, एअर बॉसचं. सकाळच्या ब्रीफिंगला जो नाही, तो उडणार नाही. प्रेक्षकांपासून किती लांब उडायचं, हेही ठरलेलं. संथ विमानांना किमान ५०० फूट, वेगवानांना १००० किंवा १५००. आणि वळण, कसरत, काहीही प्रेक्षकांच्या दिशेने करायचं नाही.

हे नियम रक्ताने लिहिलेले आहेत. १९५१ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या फ्लॅगलर या छोट्याशा गावात, अशाच एका छोट्या शोमध्ये, कसरत करणारं विमान गर्दीत कोसळलं. वीस माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. त्यानंतर नियम कडक झाले.

माझ्या आधी लाल रंगाचं एक कसरतीचं विमान होतं. धूर सोडत त्याने अशा काही गिरक्या घेतल्या की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग निवेदकाने माझं नाव जमेल तसं उच्चारलं आणि मी निघालो. आरव्ही-९ए कसरतींसाठी बनवलेलंच नाही. त्यामुळे माझा कार्यक्रम साधा होता. धावपट्टीवरून ५०० फुटांवर तीन फेऱ्या. दोन वेगात आणि तिसरी संथ, फ्लॅप्स खाली करून ताशी ८० मैलांनी, म्हणजे लोकांना फोटो काढता येतील. नाश्त्याला एक जण कानाशी येऊन म्हणाला होता, ‘शेवटची जरा खालून मार की. पब्लिक खूश होईल.’

पहिल्या दोन फेऱ्या सॉलिड झाल्या. तिसरीसाठी मी उत्तरेकडे दीड मैल लांब गेलो आणि पट्टीच्या रेषेवर यायला वळायला लागलो. प्रेक्षक पट्टीच्या पूर्वेला होते आणि वारा नैर्ऋत्येचा, सकाळपेक्षा वाढलेला, झोतांनी येणारा. वळता वळता लक्षात आलं की वारा मला रेषेच्या पलीकडे ढकलतोय. याच हिशेबाने वळत राहिलो तर मी ठरलेल्या रेषेपेक्षा प्रेक्षकांच्या जवळून जाणार.

अशा वेळी हात आपोआप एकच गोष्ट करू बघतात : विमान अजून कलवायचं, स्टिक अजून ओढायची, वळण घट्ट करायचं. अगदी साधं वाटतं. पण गणित ऐका. पंख सरळ असताना आमचं विमान साधारण ताशी ५० मैलांपर्यंत तग धरतं. ६० अंश कलवून उंची टिकवायची म्हटली तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि तोच आकडा ७० वर जातो. मी होतो ८० वर. मधे उरले दहा मैल, आणि ते खायला वाऱ्याचा एक झोत पुरेसा. ५०० फुटांवरून विमान सावरायला जागा नसते.

वहीत ‘रेषा चुकली तर सोडून दे’ असं आधीच लिहिलेलं होतं. मी पंख सरळ केले, पॉवर दिली आणि रेडिओवर सांगितलं, ‘तिसरी फेरी रद्द, उत्तरेकडे वर चढतोय.’ खाली फक्त मका होता. एअर बॉस म्हणाला, ‘ठीक.’ बस. कुणी का विचारलं नाही. माझा वेळ संपला होता, मी लांबून वळसा घालून उतरलो. प्रेक्षकांच्या लेखी त्या दीड मिनिटात काहीच घडलं नाही. निवेदकाकडे बोलायला काही नव्हतं, म्हणून त्याने पॅनकेक संपत आल्याची घोषणा केली.

इंजिन बंद केल्यावर माझे गुडघे हलके हलके थरथरत होते. बायको वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं : ‘ठरल्या ३. झाल्या २. तिसरी का सोडली?’ मी वारा, रेषा, ऐंशी आणि सत्तर हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि खाली एकच शब्द लिहिला : ‘पास’.

ऑफिसात अप्रेझलला आपण केलेल्या कामांची यादी देतो. न केलेल्या कामांना रकाना नसतो. घाईत न पाठवलेला मेल, शुक्रवारी संध्याकाळी न केलेली रिलीज, चारचौघांत ‘हो’ म्हणणं सोपं असताना म्हटलेलं ‘नाही’. त्याला टाळ्या पडत नाहीत, कारण बघणाऱ्याला काही दिसतच नाही. ते दिसतं फक्त ज्याने सहा वर्षं आपल्याबरोबर डॉली धरली आहे त्याला.

संध्याकाळी शो संपला, आकाश मोकळं झालं, वाराही पडला. ती उजव्या सीटवर चढली. पाटी पूर्ण वाचली, सावकाश, जणू पहिल्यांदाच. मग पट्टे आवळले आणि म्हणाली, ‘चल. बोअर उड, प्लीज.’ वीस मिनिटं मक्यावरून सरळ गेलो आणि सरळ परत आलो. ती एक शब्द बोलली नाही, नुसती खिडकीला नाक लावून बसली होती.

उतरल्यावर तिने वही उघडली. ‘कॅनॉपीच्या उजव्या कडेतून वारा येतो,’ तिने लिहिलं. ‘फिक्स कर. पुढच्या शनिवारी पुन्हा बघू.’